दुरुस्तीची जागा

कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याने एका पेपरची घडी उलटी घालायला सुरुवात केली होती. पूर्वी सगळे गठ्ठे सारखे असत: नाव बाहेर, मोठ्या बातमीचा वरचा अर्धा भाग दिसेल असे. आता बाकीचे तसेच होते, आणि एकाच पेपरचं नाव आत जाऊन शेवटचं पान बाहेर आलं होतं. शेवटच्या पानावर खेळाच्या बातम्या असतात, त्यामुळे लांबून तो गठ्ठा कुठल्याही पेपरचा वाटला असता. घडी मात्र नीट होती, कडेला कड जुळलेली. माणसाने लाजतसुद्धा काम व्यवस्थित केलं होतं.

चाळणीबाईंनी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग पेपरवाल्याकडे.

"रागावू नका ताई," तो म्हणाला. "नाव दिसलं की लोक थांबून बोलतात. कोण काय, कोण काय. मला धंदा करायचाय."

"कोणी बंदी घातली का?"

"छे हो, बंदी कुठली. कोणी एका शब्दानं काही म्हटलं नाही." त्याने गठ्ठ्यावरचा दगड उचलून पुन्हा तिथेच ठेवला. "तसं म्हटलं असतं तर मी भांडलो तरी असतो."

बाईंनी आपल्याच पेपरचा एक अंक विकत घेतला, घडी सुलट केली आणि कामावर निघाल्या.

त्यांना चाळणीबाई म्हणत, कारण त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही आकडा पानावर चढत नसे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्या तरुणपणी प्रयोगशाळेत लागल्या होत्या. नवऱ्याच्या बदलीबरोबर या शहरात आल्या आणि दुसरी नोकरी मिळेपर्यंत म्हणून या पेपरात शिरल्या. नवरा गेला, केस पिकले. "दुसरी मिळाली नाही वाटतं अजून?" असं फोटोवाला दर वर्षी एकदा न चुकता विचारायचा.

फोटोवाला हल्ली त्यांच्याच खोलीत बसे. मैदानावरच्या सभेत राज्याच्या पुढाऱ्याने भाषण मध्येच थांबवून पत्रकारांकडे बोट दाखवलं होतं. या पुढाऱ्याला लोक प्रेमाने थोरले म्हणत. "ते बघा, तिकडे कठड्यामागे बसलेत," थोरले हसत म्हणाले होते. "आपल्या घरात बसून आपल्यालाच खोटं सांगणारे. बघून घ्या, चेहरे लक्षात ठेवा." सगळं मैदान मागे वळलं. शिट्ट्या झाल्या, मग बाटल्या आल्या. त्यातली एक भरलेली होती, ती फोटोवाल्याच्या कानावर बसली. तेव्हापासून त्याला डाव्या बाजूचं ऐकू येत नव्हतं, आणि सभेला त्याला पाठवायची संपादकांना हिंमत होत नव्हती. म्हणून तो तपासणीच्या खोलीत आला. "बरं झालं," तो म्हणे. "निम्म्याच शिव्या ऐकू येतात."

दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी खुलासा केला होता. मी कोणाला हात लावायला सांगितलं नाही. हे लोक माझ्यावर रोज लिहितात, मी त्यांच्यावर कधीतरी बोलतो. बोलायचं स्वातंत्र्य काय फक्त त्यांनाच आहे? बाईंनी ते वाक्य सवयीने तपासायला घेतलं होतं. पुष्कळ वेळ घालवूनही त्यांना त्यात चूक सापडली नव्हती, आणि हेच त्यांना खुपत होतं.

त्या सकाळी त्या जेमतेम खुर्चीत टेकल्या तोच त्यांच्या भावाचा फोन आला. त्याचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं, आणि दुकानात थोरल्यांचा फोटो आरशाएवढा.

"बारके, तुझा पेपर सुधारला म्हणायचा."

"काय झालं दादा?"

"काय झालं म्हणजे? तूच छापलंयस ना, आमच्या माळावरच्या वस्तीचं पाणी एकदम चांगलं म्हणून. तुझी वहिनी पान कापून स्वयंपाकघरात लावणार होती. मी म्हटलं, थांब, उद्या माघार घेतील."

"तू आमचा पेपर कधीपासून वाचायला लागलास?"

"वाचत नाही. सून वाचते. मी फक्त चांगल्या बातम्या ऐकून घेतो." तो आपल्याच बोलण्यावर हसला. "छोटी आता मान धरायला लागलीय. ये बघायला. आत्या आजी म्हणून नुसतं नाव सांगतो आम्ही तिला."

फोन ठेवल्यावर बाई तशाच बसून राहिल्या. माळावरचं पाणी चांगलं. डोक्यात काहीतरी अडकलं, दातात तंतू अडकावा तसं. त्यांना आठवत होतं ते वेगळं होतं.

पाण्याची बातमी आणली होती पाणीवालीने. ही त्यांची सगळ्यात तरुण बातमीदार. शहरभरच्या वस्त्यांमधून तिने विहिरींचं आणि नळांचं पाणी बाटल्यांत भरून आणलं, खाजगी प्रयोगशाळेत तपासून घेतलं, आणि कुठे नायट्रेट किती याचा तक्ता पहिल्या पानावर छापून आला. नायट्रेट म्हणजे खतातून आणि मैल्यातून जमिनीत मुरणारा क्षार. मोठ्या माणसाचं त्याने सहसा बिघडत नाही. पण पाण्यात पावडर कालवून केलेल्या बाटलीच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताला तो प्राणवायू नेऊ देत नाही. बाळ निळसर पडतं. बातमीत हे सगळं सोप्या शब्दांत होतं. थोरल्यांनी त्याच संध्याकाळी ती उडवून लावली. "त्या पेपरात एकच आकडा खरा असतो," ते म्हणाले, "तारखेचा." लोक पोट धरून हसले. फोटोवालासुद्धा हसला होता. विनोद चांगला होता.

आणि संपादकांनी अग्रलेखात उत्तर दिलं होतं: आमचा एक आकडा चुकीचा दाखवा.

बाईंना आठवत होतं ते हे, की माळावरून बाटल्या घेऊन परतलेली पाणीवाली खुर्चीत धपकन बसून म्हणाली होती, "तिथं विहिरीला लागून खताचं गोदाम आहे, चाळणीताई. आता निकाल काय येणार ते मी आत्ताच सांगते."

त्यांनी प्रयोगशाळेचा कागद काढला, शेजारी पान ठेवलं आणि पट्टी घेतली.

तक्ता तपासायची त्यांची एक पद्धत होती. दोन उभ्या फेऱ्या आणि एक आडवी. पहिल्या उभ्या फेरीत नुसते आकडे, तेही खालून वर, म्हणजे डोळा सवयीने पुढे धावत नाही. दुसऱ्या उभ्या फेरीत नुसती नावं. मग पट्टी लावून आडवी फेरी: हे नाव, त्याचा हा आकडा. गेले काही महिने मात्र संपादक आकड्यांच्या धास्तीत होते. थोरले आकड्यांवरच बोट ठेवणार, तेव्हा आकडे पुन्हा बघा, वकिलांकडून आले की आणखी एकदा बघा. बाईंनी आणि फोटोवाल्याने त्या तक्त्यातले आकडे तीनदा वाचले होते. नावं वाचली होती. आडवी फेरी घ्यायची वेळ आली तेव्हा पान सुटायची घाई झाली होती आणि दोघांचेही डोळे शिणले होते. आकडे तर पक्के आहेत, असं बाईच म्हणाल्या होत्या.

पट्टी दोन ओळींवर येऊन थांबली. पान लावणाऱ्याने शेजारच्या नकाशाशी जुळावं म्हणून माळावरची वस्ती वर घेतली होती आणि नदीकाठची खाली. नावं हलली, आकडे जागेवरच राहिले. एकही आकडा चुकला नव्हता, एकही नाव चुकलं नव्हतं. नदीकाठचं चांगलं पाणी वाईट झालं होतं, आणि माळावरचं पाणी, ज्यात नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट होतं, ते चांगलं.

"फोटोवाले," त्या म्हणाल्या, "इकडे या. उजवा कान इकडे करा."

त्याने ऐकलं, पट्टीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याला काही विनोद सुचला नाही.

या पेपरात चुकीचा एक रिवाज होता. तो घातला होता संपादकांच्या वडिलांनी, ज्यांनी पेपर काढला. चूक ज्या पानावर, ज्या जागी झाली, त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत दुसऱ्या दिवशी दुरुस्ती. "चूक चौकात करायची आणि माफी गल्लीत मागायची, हे आपल्यात चालणार नाही," असं ते म्हणत. आणि दुरुस्तीला कोणाची परवानगी लागत नसे. तपासनिसाने लिहायची, पान लावणाऱ्याने लावायची. संपादक इतरांसारखे सकाळी वाचायचे.

बाईंनी दुरुस्ती लिहायला घेतली आणि पेन थांबलं. त्यांच्या डोळ्यांसमोर मैदान आलं. उद्याच्या अंकात आलं की परवाच्या सभेत ते पान थोरल्यांच्या हातात असणार होतं. मग त्या जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते करायला उठल्या. विचारायला गेल्या.

संपादकांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. वडिलांचा पेपर त्यांनी घरचं म्हातारं माणूस सांभाळावं तसा सांभाळला होता, आणि आता त्याला उचलून उचलून त्यांचीच पाठ गेली होती.

"आकडा एकही चुकलेला नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाही."

"मग आपण म्हटलं ते खोटं नाही."

"सर, ओळ खोटी आहे."

ते उठून खिडकीशी गेले. खाली पेपर वाटायची गाडी उभी होती. तिच्या बाजूवरचं नाव महिन्यापूर्वी खरवडून काढलं होतं. तिथला रंग बाकीच्यापेक्षा फिकट दिसत होता, आणि नीट पाहिलं तर नाव वाचता येत होतं.

"परवा सभा आहे," ते म्हणाले. "सभा होऊन जाऊ दे. नंतर छापू. मोठं छापू, हवं तर पूर्ण पान देतो."

"तोवर माळावरच्या बायका बाळांना तेच पाणी पाजतील."

"पाणी खात्याला कळवू. आत्ता फोन करू." त्यांनी खरोखर लगेच फोन लावला. पलीकडचा माणूस सौजन्याने बोलला. तुमची अख्खी बातमीच खोटी आहे असं आम्ही लेखी दिलेलं असताना, तिच्यातली चूक आम्ही कशी दुरुस्त करणार, असं त्याने विचारलं.

"बाई," संपादक रिसीव्हर ठेवत म्हणाले, "हे पान ते हातात घेऊन स्टेजवर उभे राहतील. म्हणतील, बघा, स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. मग पाण्याची उरलेली बातमी, जी खरी आहे, तीही गेली. आणखी पाच वस्त्यांत पाणी वाईट आहे. तिथली बाळं बाळं नाहीत?"

त्या म्हणाल्या, "एक दिवस विचार करते." बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की विचार करायला त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मुदत त्यांनी आपली आपणच मागून घेतली होती.

पाणीवालीला त्यांनी जिन्यात गाठून सांगितलं. तिने कठड्याला हात लावला.

"माझं नाव आहे बातमीवर."

"हो."

"गेल्या वेळी स्टेजवरून नुसता पेपरचा उल्लेख केला, तर आमच्या इमारतीत दूधवाल्यानं येणं बंद केलं. आई मला भाजी आणायला पाठवत नाही. म्हणते, तुला बघून लोक काय करतील." तिने कठड्यावरचा हात काढला. "मी छापू नका म्हणत नाहीये, चाळणीताई."

"माहितेय."

"पण छापाही म्हणवत नाही माझ्याच्यानं."

"तेही माहितेय. चूक तुझी नाही. तू दिलेली ओळ बरोबर होती."

"ते स्टेजवर कोण सांगणार?"

संध्याकाळी बाई भावाकडे गेल्या. मनाशी त्यांनी ठरवलं होतं: घरच्यांना तर सांगता येईल. घरच्यांना सांगायला पहिलं पान लागत नाही.

वहिनी गॅसपाशी होती. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळत होतं.

"छोटीच्या दुधाचं," वहिनी अभिमानाने म्हणाली. "नुसतं उकळून मी गॅस बंद नाही करत. अर्ध्यावर येईपर्यंत आटवते. जंतूंचं नाव नको."

बाईंनी पातेल्याकडे पाहिलं. जंतू मरतात, क्षार मरत नाही. पाणी आटतं आणि क्षार तेवढाच राहतो, म्हणजे उरलेल्या पाण्यात दुप्पट. वहिनी माया जितकी जास्त करत होती, तितकं ते पाणी वाईट होत होतं.

"वहिनी, हे पाणी नको तिला."

"का गं?"

त्यांनी सांगितलं. जमिनीवर बसून, पाठीला भिंत लावून, सगळं पहिल्यापासून सांगितलं: नकाशा, दोन नावं, दोन आकडे, खताचं गोदाम. भाऊ दारात उभा राहून ऐकत होता. सून बाळाला मांडीवर घेऊन खाली मान घालून बसली होती. बाळाचं बाटलीचं दूध संपत आलं होतं. तिची मूठ उघडी होती आणि बाई बोलता बोलता तिच्या नखांकडे पाहत होत्या. निळसर होती का? दिव्याचा प्रकाश पांढरा होता, त्यात कोणाचीही नखं तशीच दिसली असती. निरीक्षण पक्कं नसताना निष्कर्ष काढायचा नाही, हे त्यांना शिकवलेलं होतं. त्यांनी बाळाची बोटं हातात घेतली. गार होती, पण सगळ्याच तान्ह्यांची असतात.

"झालं तुझं?" भाऊ म्हणाला.

"झालं."

"म्हणजे काल चांगलं होतं, आज वाईट. उद्या काय?"

"दादा, छापताना चूक झाली. मी स्वतः पट्टी लावून बघितलं."

"मग छापलंस?"

बाईंनी छोटीची बोटं सोडली.

"छापलंस का, एवढंच विचारतोय. आज पेपर आला, त्यात नव्हतं. उद्या येणारे?"

"अजून ठरलेलं नाही."

"बघ." तो सुनेकडे वळला, जणू एखादा हिशेब सिद्ध झाला. "मी काय सांगतो नेहमी? थोरले दोन शब्द बोलले तर यांचं स्वातंत्र्य धोक्यात येतं. आणि यांना खरंच काही माहीत असलं, तर हे गप्प बसतात. कोणी गप्प केलं तुला? पोलीस आले? कुलूप लावलं पेपरला?"

"नाही."

"मग? खरं असतं तर छापलं असतंस, बारके. तुझा तो म्हातारा मालक काय म्हणायचा, चौक आणि गल्ली? तूच सांगायचीस मला, मोठ्या मिजाशीत. आता तू गल्लीत येऊन सांगतेयस. माझ्या स्वयंपाकघरात." तो रागाने बोलत नव्हता, हेच जास्त लागलं. "नवरा गेला तेव्हा मी तुला म्हटलं होतं, माझ्याकडे येऊन राहा. तू म्हणालीस, माझं काम आहे. मी मानलं. म्हटलं, बहीण आहे कोणीतरी. आणि आता बघतो तर तुझं कामच तुला खरं वाटत नाही."

"तसं नाहीये दादा."

"मग कसंय?"

वहिनीने गॅस बंद केला नाही. तो मोठाही केला नाही. पाणी तसंच उकळत राहिलं. निघताना बाईंनी पिण्याच्या विकतच्या पाण्याचे कॅन दाराशी ठेवले. येताना घेऊनच आल्या होत्या. भावाने ते पायाने बाजूला सारले. ढकलले नाहीत, सारले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती, मागे गाड्यांचा आवाज होता.

"आत्या, मी दवाखान्याच्या बाहेर आहे. दुकानात जाते सांगून निघाले. सकाळी छोटीच्या ओठांचा रंग मला बरा वाटला नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"रक्त तपासलं. म्हणाले, वेळेवर आणलंत, दोन दिवस ठेवून घेऊ. पाणी कुठलं वापरता म्हणून त्यांनीच विचारलं. मी तुमचं सांगितलं." तिने आवाज आणखी खाली आणला. "बाबांना काय सांगू, ते बघते मी. त्यासाठी फोन नाही केला."

"मग?"

"आमच्या ओळीत अजून तिघींची बाळं बाटलीवर आहेत. सकाळी निघताना मी त्यांना म्हटलं, विहिरीचं पाणी नका देऊ. त्या म्हणाल्या, अगं, पेपरात आलंय ना चांगलं म्हणून. एकीनं तर मला पान दाखवलं. तिनं जपून ठेवलंय." गाडीचा भोंगा वाजला, सुनेने तो जाऊ दिला. "त्या कधी पेपर घेत नाहीत आत्या. एवढाच घेतला. मी आता त्यांना काय दाखवू?"

बाईंनी तिला दवाखान्याचं नाव विचारलं, काय आणू विचारलं, धीर दिला. मग फोन ठेवून त्या खोलीतच उभ्या राहिल्या. थोरल्यांनी आजवर जे काही म्हटलं होतं त्यातल्या कशानेही त्या तीन बायकांना ते पाणी पाजायला लावलं नव्हतं. ते छापलेल्या पानाने लावलं होतं. आणि काल दिवसभर ते पान खोडायचं राहिलं, ते कोणी हात धरला म्हणून नव्हे. मैदान, शिट्ट्या, ते वळलेले चेहरे, हे सगळं त्यांनी स्वतःच खोलीत आणून बसवलं होतं, आणि मग त्याच्याकडे पाहून पेन खाली ठेवलं होतं.

पानं लावायच्या मोठ्या खोलीत संपादक, पाणीवाली आणि फोटोवाला पडद्यासमोर उभे होते. पडद्यावर उद्याचं पहिलं पान होतं. वरच्या जागी, जिथे पाण्याचा तक्ता आला होता तिथे, उद्याच्या सभेची तयारी आणि वाहतुकीतले बदल. पान लावणारा खुर्चीत, हात कळांवर.

"बाई, बरं झालं आलात," संपादक म्हणाले. "आपण सभेनंतर पूर्ण पान करतोय ना, त्याचा मजकूर मला आधी दाखवा. नुसतं वाचतो. शब्द जरा..." त्यांनी हाताने काहीतरी गुळगुळीत केल्यासारखं केलं.

त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून दुरुस्ती कोणी आधी वाचली नव्हती. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पान लावणाऱ्याने खुर्ची थोडी फिरवली.

"माझ्या भावाची नात दवाखान्यात आहे," बाई म्हणाल्या.

पाणीवालीने तोंडावर हात ठेवला. संपादक खाली बसले. "माळावरची?"

"हो. वाचेल म्हणतात. तिच्या आईनं वेळेवर नेलं." त्यांचा आवाज सपाट होता, निकाल वाचून दाखवतात तसा. "सर, तुम्ही काल म्हणालात ते खरंय. ते हे पान स्टेजवर घेऊन उभे राहतील. लोक हसतील. बाकीच्या पाच वस्त्या म्हणतील की तेही खोटं असेल. मी यावर रात्रभर विचार केला आणि मला यातून मार्ग सापडलेला नाही."

"म्हणून तर म्हणतो, थांबू."

"ते बोलतात ते त्यांचं काम आहे. लोकांनी कोणावर विश्वास ठेवायचा ते लोकांचं. त्यांच्या बोलण्यानं मी माझं काम थांबवलं, ते मात्र माझं." त्यांनी पडद्यावरच्या वरच्या जागेकडे पाहिलं. "भाऊ म्हणाला, खरं असतं तर छापलं असतंस. त्याच्यापुढे मला मान वर करता आली नाही."

फोटोवाला उजवा कान पुढे करून उभा होता. संपादक पडद्याकडे पाहत राहिले, त्यावरच्या मैदानाच्या नकाशाकडे. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

"उद्या मला ऑफिसला येता येणार नाही, चाळणीताई," पाणीवाली हळूच म्हणाली. "आई सोडणार नाही. पण तुम्ही लिहा."

"तुझं नाव येणार नाही. तुझी ओळ बरोबर होती, तेही लिहिते." बाई पान लावणाऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"सभेची बातमी खाली घ्या," त्या म्हणाल्या. "वर, तक्ता होता त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत घ्या: माळावरच्या वस्तीतलं पाणी तान्ह्या बाळांना देऊ नका, उकळूनही देऊ नका. आम्ही ते चांगलं असल्याचं छापलं, ते चूक होतं. बातमीदाराने दिलेली माहिती बरोबर होती, तपासणी माझी होती. आणि खाली माझं नाव घाला. आजच."